वाढत्या अंगाचं धनुष्य

"मौसी, लकड़ी कौन-सी लूँ? और लंबाई कितनी रखूँ?"

शेजारची पिहू दारात उभी होती. वय वर्षं अकरा, हातात आजोबांची मोजपट्टी. शाळेत दसऱ्याला रामलीला आहे आणि बाजारातलं प्लास्टिकचं धनुष्य या बाईसाहेबांना पसंत नाही. स्वतःच्या हातानं लाकडाचं करायचं आहे. मी शिंगाडे सोलत बसले होते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे प्रश्न आला की उत्तर देऊन मोकळं व्हायची सवय. पण या दोन प्रश्नांवर माझी सुरी हवेतच राहिली.

"कल बताती हूँ," असं म्हणून मी तिला घालवली. खरं सांगायचं तर हे दोन प्रश्न मी आठवीत असल्यापासून उद्यावर ढकलत आले आहे.

भोपाळात पाऊस एकदम जात नाही. निघतो निघतो म्हणत दारात चपला शोधत बसणाऱ्या पाहुण्यासारखा तो रेंगाळतो. मग एका सकाळी ऊन पिवळं होतं, फुगून बसलेल्या खिडक्या पुन्हा बंद व्हायला लागतात, रायसेन रोडच्या कडेनं कासाचं गवत पांढरं होतं आणि हातगाड्यांवर हिरवे-काळे शिंगाडे दिसू लागतात. गोविंदपुऱ्याकडून वारा आला तर त्यात कापलेल्या लाकडाचा वास असतो. हा वास नाकात गेला की मला वाटतं, आपलं काहीतरी ठरायचं बाकी आहे. वास्तविक आता काय ठरायचं राहिलंय? पेन्शन ठरली, गुडघ्यांचा डॉक्टर ठरला. तरी जीव वर-खाली होतो तो होतोच.

आमचं लहानपण कारखान्याच्या टाउनशिपमध्ये गेलं. पिवळी क्वार्टर्स, प्रत्येकाच्या पुढे मेंदीचं कुंपण, आणि दिवसातून तीनदा होणारा भोंगा. घड्याळ बघायची गरजच नसे. आमच्या ओळीत एक बंगाली, एक मल्याळी, दोन सरदारजी, बाकी उत्तरेकडचे, आणि मराठी म्हणजे आम्ही एकटे. बाबा ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पुण्याहून इथे येऊन त्यांना तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, पण मनानं अजून सामान सोडलेलं नव्हतं. "आपण इथले नाही," हे वाक्य ते जेवणात मीठ घालावं तसं कुठल्याही विषयात घालत. त्यांचं मराठी कोरं करकरीत. हिंदी मात्र भाजीवाल्यापुरती, आणि तीही मराठीलाच 'है' जोडून केलेली.

आई उज्जैनची. तिच्या माहेरी पाच पिढ्या माळव्यात गेलेल्या. ती भाजी 'काटायची', दिवा 'बुझवायची' आणि आम्हाला 'जल्दी' उठवायची. बाबा कपाळाला हात लावत. आई म्हणायची, "माझ्या घरी सगळे असंच बोलतात. कुणी मेलं नाही त्यानं."

या दोघांच्या मध्ये मी. शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी, आईशी अर्धी-अर्धी, आणि बाबा घरात आले की जीभ आवळून मराठी. कुठला शब्द कुठल्या घरचा हे मला कळत नसे. अजूनही घाईत असले की कळत नाही.

त्या वर्षी गणपतीनंतर मी पुण्याच्या आत्याला पत्र लिहिलं. आमच्या नव्या क्वार्टरचा पत्ता समजावून सांगताना लिहिलं, "शाळेपाशी रस्ता मोडतो, तिथेच आमचं घर आहे." मला म्हणायचं होतं, रस्ता वळतो. हिंदीत मोड़ना म्हणजे वळवणं, वाकवणं. मराठीत मोडणं म्हणजे तुटणं. हिंदीत लिहिताना 'ड'च्या पोटाखाली एक टिंब देतात म्हणे, पण बोलताना ते टिंब कुणाला ऐकू येतं? आत्याचं उलट टपाली उत्तर आलं. "रस्ता मोडला असेल तर दुरुस्त करायला सांगा. आणि दादा, पोरीचं मराठी हाताबाहेर चाललंय. आठवी झाली की तिला इकडे पाठव."

बाबांनी मला समोर उभं केलं. "शुभा, रस्ता काय करतो?"

"वळतो."

"आणि मोडते ती?"

"काठी."

"दहा वेळा म्हण."

मी दहा वेळा म्हटलं. रस्ता वळतो, मोडते ती काठी. रस्ता वळतो, मोडते ती काठी. आई स्वयंपाकघरातून हसत होती, मलाही हसू येत होतं. पण त्या दुपारी बाबा आईला हळू आवाजात म्हणाले, "पत्रात म्हटलंय ते खरं आहे. जूनमध्ये पाठवू या." आणि आई काहीच बोलली नाही. आई काहीच बोलली नाही म्हणजे गोष्ट खरी होती.

मला कुणी काही सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर चोरून ऐकलं हे कळलं असतं. मी जाणार का राहणार? तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे मी खूण म्हणून बघायला लागले. आईनं माझ्यासाठी पांघरुणाची नवी खोळ शिवायला घेतली, म्हणजे जाणार. बाबांनी माझ्या टेबलाला नवा दिवा लावला, म्हणजे राहणार. एका दिवसात मी चार वेळा पुण्याला जाऊन परत यायची. मला भोपाळ सोडायचं नव्हतं. पुण्याबद्दल माझं काही वाईट मत नव्हतं, पण तिथे माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द कुणीतरी झाडून घेणार होतं, आणि त्याची मला भीती वाटत होती. रात्री उशीत तोंड घालून मी स्वतःशी हिंदीत रडायची. रडणं कुठल्या भाषेत असतं का, असं कुणी विचारेल. असतं.

आमच्या ओळीचा एक छोटा रावण असे. मोठ्या मैदानावर मोठा जळायचा, पण मुलांचा रावण वेगळा. रद्दी, पेंढा आणि जुन्या गोण्यांचा. राम चिठ्ठीनं ठरायचा आणि ज्याला चिठ्ठी येईल त्यानं आपलं धनुष्य आपण आणायचं अशी रीत होती. त्या वर्षी चिठ्ठी मला आली. ओळीतली पहिली मुलगी-राम. मी घरी येऊन सांगितलं आणि मनाशी धरून चालले की बाबा म्हणणार, आपण इथले नाही.

बाबा म्हणाले, "कशाचं करणार?"

"बांबूचं. सगळे बांबूचंच करतात."

"बांबू एका दसऱ्यापुरता," बाबा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला बसले.

एका दसऱ्यापुरता नको, म्हणजे पुढच्या दसऱ्याला मी इथे असणार? पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बांबू काय वाईट आहे, हलका असतो." झालं. मी पुन्हा पुण्याच्या गाडीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर धनुष्याचं रीतसर ड्रॉइंग केलं. समोरून, बाजूनं आणि वरून. खाली कोपऱ्यात चौकट, चौकटीत वस्तूचं नाव आणि लाकडाची जागा कोरी. ती कोरी जागा मी रोज शाळेतून आल्यावर आधी बघायची.

टाउनशिपमधल्या घरांत निम्मं फर्निचर पेटीच्या लाकडाचं असे. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून येत, ती खोकी लिलावात मिळत. आमचं देवघर, माझं टेबल, चपलांचं कपाट, सगळं त्याच पांढऱ्या लाकडाचं. बाबांना वाटलं, त्यातलीच एक फळी चिरावी. फळी घेऊन आम्ही दोघं सायकलवरून गोविंदपुऱ्यात हल्केराम मिस्त्रीकडे गेलो. हल्केराम सागरकडचा, वाळका, कानावर पेन्सिल, आणि डोळे असे बारीक की हसतोय का ऊन लागतंय ते समजत नसे.

त्यानं फळी उचलली, नखानं खरवडली आणि खाली ठेवली. "साब, इससे चौकी बनवा लो।"

"सागवान?" बाबा म्हणाले.

"सागौन खड़ी रहने वाली लकड़ी है, झुकने वाली नईं। अलमारी में अच्छी।" मग तो मागच्या अंधारातून एक मनगटाएवढ्या जाडीची, एका अंगाची साल काढून वाळवलेली फांदी घेऊन आला. "ये धामन है। कुल्हाड़ी की बेंट इसी की, बैलगाड़ी की धुरी इसी की। हमारे उधर तीर-कमान भी इसी के। रेसा देखो साब, इस सिरे से उस सिरे तक एक।"

बाबा गुडघ्यावर बसले. चष्मा वर करून त्यांनी त्या लाकडाची रेषा एका टोकापासून बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मध्ये कुठे गाठ नव्हती, कुठे रेषा बाहेर पडून तुटत नव्हती. माझ्या प्रगतिपुस्तकावरून त्यांनी असं बोट कधी फिरवलं नव्हतं. "टिकेगा?" त्यांनी विचारलं.

"बिटिया की बिटिया चलाएगी।"

घरी येऊन बाबा आनंदानं म्हणाले, "धामण मिळाली!" आई हातातलं पीठ घेऊन स्टुलावर चढली. मराठीत धामण म्हणजे झाडही आणि सापही, हे पुण्याच्या माणसाच्या लक्षात असायला हवं होतं. त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो. रात्री बाबांनी ड्रॉइंगमधल्या कोऱ्या जागेत लिहिलं, धामण. मी ते दहा वेळा वाचलं. टिकणारं लाकूड. बिटिया की बिटिया. मी राहणार होते.

मग लांबीचा प्रश्न आला.

आई म्हणाली, "धनुष्य चार हात असतं. पोथीत तसंच आहे."

"कुणाचे हात?" बाबांनी विचारलं.

त्यावर पोथी गप्प होती. बाबांचे चार हात घेतले तर धनुष्य माझ्या डोक्यावर जात होतं. हल्केरामनं सांगितलं, जो चलाएगा उसके हाथ. तेव्हा बाबांनी मला भिंतीला उभं केलं. आधी उंची घेतली, चौदाशे सत्तर मिलिमीटर. मग दोन्ही हात पसरायला लावले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत वाव मोजली. मग कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात मोजून त्याची चौपट केली. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. बाबा किती खूश झाले म्हणून सांगू! "बघ, माणूसच काय नीट ड्रॉइंग करून बनवलाय," ते म्हणाले. त्यांनी कागदावर लिहिलं, १४७०.

मी त्यांना ते लिहिताना पाहिलं. आजच्या मापाचं. माझ्या मैत्रिणी वर्षाला चार-चार बोटं वाढत होत्या. आजच्या मापाचं धनुष्य पुढच्या दसऱ्याला मला कसं पुरणार? टिकणारं लाकूड आणि न टिकणारं माप. आता यातून काय समजायचं? मी एवढीशी पोर, पण त्या दोन गोष्टींचा मेळ घालता घालता डोकं दुखायला लागलं.

बाबा कागदाकडे बघत बसले होते. मग त्यांनी आकड्यावर काट मारली. माझा तळहात धरून उताणा केला, अंगठा आणि करंगळी ताणून वीत पाडली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि नवा आकडा लिहिला. उंची अधिक एक वीत.

"एवढं मोठं?" आई म्हणाली.

"वाढत्या अंगाचं असू दे," बाबा म्हणाले.

वाढत्या अंगाचं! आमच्या घरात फ्रॉक, स्वेटर, बूट, सगळं वाढत्या अंगाचंच यायचं. पायात कापूस कोंबून मी बूट घातले आहेत. तेव्हा त्याचा राग यायचा. पण त्या संध्याकाळी हे दोन शब्द ऐकले आणि मी मागच्या अंगणात जाऊन पारिजातकाखाली उगाचच उड्या मारल्या. जिला जूनमध्ये पाठवायची, तिच्यासाठी कुणी वाढत्या अंगाचं धनुष्य करतं का?

आता जे झालं, ते मी इतक्यांदा मनात फिरवलंय की त्याच्या कडा झिजल्या आहेत. काय घडलं आणि मी मागाहून काय भरलं, ते मलाच नीट सांगता येणार नाही.

आम्ही ड्रॉइंग द्यायला हल्केरामकडे गेलो. बाबांची ड्यूटी होती, सायकलवरून ते उतरलेही नव्हते, एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर. आत करवत चालू. हल्केरामनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ठीक है साब। छील के रखते हैं, फिर रोज इसको मोड़ के देखेंगे।"

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. बाबा दचकले. एवढं पारखून घेतलेलं लाकूड हा मोडून बघणार म्हणतोय, असंच त्यांना वाटलं असणार. घाईत माणूस मातृभाषेत शिरतो. ते ओरडले, "नहीं नहीं, मोडना मत! बिलकुल मोडना नहीं, क्या? एकदम संभालके!"

हल्केरामचे बारीक डोळे जरा मोठे झाले. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोड़ना नईं?"

"बिलकुल नहीं," बाबा म्हणाले.

मी मध्ये उभी होते. त्या दोन माणसांमध्ये तो शब्द दोन्ही कानांनी ऐकणारी मी एकटीच होते. मला कळलं का? कळलं असावं. पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात ते सुरू झालं, रस्ता वळतो, मोडते ती काठी. बाबांनी दहा वेळा म्हणायला लावलं होतं. मोडणं म्हणजे तुटणं हे ठरलं होतं. आता मी तोंड उघडून 'बाबा, त्याला वाकवणं म्हणायचंय' असं सांगितलं तर माझ्या डोक्यात आधी हिंदी अर्थ येतो हे उघड झालं असतं. आणि मग जून.

मी गप्प बसले. बाबा भोंग्याच्या दिशेनं निघून गेले.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी टी-स्क्वेअर, गुण्या आणि कंपासपेटीची पूजा केली. त्यांच्या शेजारी ते धनुष्य ठेवलेलं होतं. गुळगुळीत, मधासारख्या रंगाचं, टोकांना दोरीच्या खाचा. आणि काठीसारखं सरळ. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दोरीच त्याला बाक देणार, हा त्यांचा हिशोब. दुपारी त्यांनी गुडघा लावून, घाम गाळून दोरी चढवली. लाकूड कुरकुरलं. "नवं आहे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी सगळी ओळ जमली. आईनं माझ्या कपाळाला गंध लावलं. कधी कुणाच्या कार्यक्रमाला न जाणारे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत उभे होते, आणि शेजारच्या सरदारजींना हातानं वीत दाखवून लांबीचं गणित सांगत होते. मी बाण लावला. ताणायला सुरुवात केली. धनुष्य माझ्यापेक्षा उंच, मी टाचा उचललेल्या. सगळे ओरडले, खींच, शुभा, खींच! मी खेचलं.

कट् असा एकच आवाज झाला. वरचा तुकडा दोरीसकट परत येऊन माझ्या भुवईवर बसला. रावण होता तिथेच, दहा तोंडांनी बघत. शेवटी तो काडेपेटीनं मेला. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. कुणीतरी हळद आणली, कुणी शिंगाड्याची पुडी हातात दिली. बाबांनी दोन्ही तुकडे उचलले आणि मोडलेली जागा बोटानं चाचपत राहिले. मला भुवईचं दुखणं जाणवत नव्हतं. मला फक्त त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते भांडायलाच गेले. मीही मागे बसले. तुकडे त्यांनी हल्केरामच्या पायाशी टाकले. "तुम बोला था टिकेगा."

हल्केराम रागावला नाही. त्यानं तुकडा उचलला, मोडलेल्या जागेवर फुंकर मारली. "साब, लकड़ी को रोज मोड़ते हैं। रोज दो-दो अंगुल। छीला, मोड़ा, छीला, मोड़ा। महीने भर में सीख जाती है। बिना मोड़े एकदम से खींचोगे तो टूटेगी कि नईं?"

"तो मोडा क्यों नहीं?"

"आपने मना करी थी।" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बिटिया खड़ी थी। फिर से पूछा मैंने। आप बोले, मोड़ना मत। मैंने सोची, कारखाने के साब हैं, शो-पीस बनवा रए होंगे।"

करवत बंद होती. बाबांनी तुकडे उचलले, हल्केरामला नमस्कार केला आणि सायकल काढली. परत येताना पुलाच्या चढावर ते उतरले, आम्ही दोघं चालायला लागलो. तिथे ते म्हणाले, "शुभा, तुला तेव्हा कळलं होतं?"

आता काय सांगायचं? हो म्हणावं, तर हिंदी माझ्या हाडात शिरल्याचा पुरावा. नाही म्हणावं, तर इतकी वर्षं भोपाळात काढून मी ठोंब ठरते. पण ठोंब पोरीला पुण्याला पाठवतात की ठेवून घेतात? त्यांच्या चेहऱ्यावर बघून उत्तर ओळखावं तर तिथेही मला काही वाचता आलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

"हं," बाबा म्हणाले.

जूनमध्ये मी पुण्याला गेले.

ट्रंक भरताना मी आईला विचारलं, "मग ते वाढत्या अंगाचं कशाला केलं होतं?" आई म्हणाली, "अगं, दसऱ्याच्या छुट्टीत तू येशील ना दरवर्षी, तेव्हा पुरायला नको?" म्हणजे खूण होती, बरोबर होती, मी वाचलीच उलटी. लांबी मी राहणार म्हणून नव्हती. मी जाईन आणि येत राहीन म्हणून होती. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चार पावलं चालले. गजावरच्या माझ्या हाताला हात लावून म्हणाले, "मोडू नकोस हं." आणि मागे राहिले.

अख्खा प्रवास मी त्या दोन शब्दांचं काय करायचं ते ठरवत होते. तुटू नकोस? की वाकू नकोस? पुण्यात पहिल्याच आठवड्यात वर्गात 'रस्ता मोडतो' म्हणाले आणि बाकं हसून लोळली. मग मी बोलणंच कमी केलं. वाकले म्हणा, तुटले म्हणा. चार वर्षांनी कायमची परत आले तेव्हा माझं मराठी बाबांसारखं कोरं होतं, आणि ओळीतल्या मैत्रिणींशी बोलताना मला हिंदी शब्द आठवावे लागत होते. धनुष्याचा लांब तुकडा तोवर आईनं कपडे वाळत घालायच्या काठीच्या कामाला लावला होता. अजून तो माझ्याकडे आहे. रोज त्यानंच मी साड्या वर सारते. लाकूड खरंच टिकाऊ.

पिहूला शेवटी मी बांबूच घे म्हणून सांगितलं. धामण आता कुणाच्या वखारीत मिळत नाही. विचारलं तर पोरं मोबाइलवर सापाचं चित्र दाखवतात. लांबी तिच्या उंचीएवढी धरली, आणि मग वीतभर वाढवली. का वाढवली, ते मला सांगता आलं नाही. रोज संध्याकाळी ती येते, आम्ही दोघी बांबू तासतो आणि दोन बोटं वाकवतो. "मौसी, और मोड़ूँ?" ती विचारते. "आज बस," मी म्हणते. तिला घाई आहे. मला नाही.

बाबा शेवटची चार वर्षं माझ्याकडे, इथे आनंद नगरला होते. आई आधीच गेली होती. एका ऑक्टोबरात, अशाच पिवळ्या उन्हात, आम्ही गॅलरीत शिंगाडे सोलत होतो. त्यांची बोटं थरथरायची, पण साल पातळ निघायची, ड्राफ्ट्समनची.

मी एकदम विचारलं, "बाबा, स्टेशनवर तुम्ही मला मोडू नकोस म्हणालात, ते मराठीत की हिंदीत?"

"मी तुझ्याशी हिंदीत कधी बोललो?"

खरंच होतं. मग मी म्हणाले, "हल्केरामकडे मला कळलं होतं, बाबा. नाही म्हणाले ती थाप होती."

"असेल," ते म्हणाले. एक शिंगाडा सोलून झाला, दुसरा घेतला. मला वाटलं, विषय संपला. खाली रस्त्यावर कुणाची तरी शाळेची बस थांबून निघून गेली.

"गाडी गेल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो," बाबा सालीकडे बघत म्हणाले, "आपण चुकलो. पोरीला थोडं थोडं मोडायला हवं होतं. रोज दोन बोटं. आपण एकदम ताणली."

थोडं थोडं मोडायला. आत्यानं हे ऐकलं असतं तर उलट टपाली पत्र आलं असतं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला दोन्ही कानांनी कळलं. मी सोललेला शिंगाडा त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांचं मराठी दुरुस्त केलं नाही.